कपाटातली लाल बाटली

माझे थोरले साडू मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "सावली उचला."

माझं लग्न ठरून जेमतेम आठवडा झाला होता. होणारे सासरे मला घर दाखवत दाखवत गच्चीवर घेऊन गेले होते. त्या काळी मी इतका बारीक होतो, की माझी सावली म्हणजे फरशीवर कोणीतरी पेन्सिलीने ओढून ठेवलेली रेघ वाटायची. पण गच्चीवर उकिडवे बसलेले ते गृहस्थ असे काही ताडकन उठले, की जणू भरदिवसा खग्रास ग्रहण लागलंय आणि ते मीच खिशातून आणलंय. अंगात निळे, लाल, पिवळे डाग पडलेला सदरा, डोक्यावर ओला रुमाल आणि हातात घड्याळ. मनगटावरचं नव्हे, भिंतीवरचं, खिळ्यावरून काढून आणलेलं. समोर पत्र्याचे सहा ट्रे, ट्रेमध्ये लालभडक पाणी आणि पाण्याच्या तळाशी वाटाण्याएवढ्या मातीच्या गोळ्या.

"अहो, सावली. ट्रेवरची. पावणेबाराचं ऊन आहे, पुन्हा मिळणार नाही."

सावली कशी उचलतात हे मला कोणत्याही शाळेत शिकवलं नव्हतं. मी आधी डावा पाय उचलला, मग उजवा, आणि दोन्ही एकदम उचलायच्या बेतात असताना सासऱ्यांनी मला दंडाला धरून पाण्याच्या टाकीआड नेलं.

"हे आमचे थोरले जावई," ते हळू आवाजात म्हणाले. "पाण्याच्या खात्यात असतात."

"जहाजावर?"

"नाही. सांडपाण्यावर."

खाली आल्यावर मी हात धुतले आणि टॉवेल घ्यायला कपाट उघडलं. चादरींच्या मागे एक बाटली होती. आत लाल पाणी, बाहेर चिठ्ठी: 'हात लावू नये.' मी मनातल्या मनात या घराण्याला सलाम ठोकला. वरून एवढं साधं दिसणारं घर आणि कपाटात असा बंदोबस्त. आपलं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे, हे कळावं म्हणून मी सासऱ्यांना हलकेच डोळा मारला. लग्न होईपर्यंत ते माझ्या डोळ्याच्या दुखण्याची चौकशी करत होते.

ती बाटली दारूची नव्हती, हे मला लग्नानंतर कळलं. एका अर्थाने निराशा झाली. पण आज आमच्या घरात अभिमानाने सांगण्यासारखं जे काही आहे, ते त्या बाटलीतून निघालं.

साडू कापड रंगवण्याच्या कारखान्यात नोकरीला होते. रंगाच्या विभागात नव्हे. रंग देऊन झाल्यावर जे पाणी उरतं, त्या पाण्याच्या विभागात. हा विभाग म्हणजे कारखान्याच्या पाठीमागे तीन हौद, एक पंप आणि ते स्वतः. हौदाच्या तळाशी बसणारा गाळ उपसून घ्यायचा आणि वरचं पाणी नाल्यात सोडायचं, एवढं काम. कारखान्यात त्यांना सगळे 'गाळसाहेब' म्हणायचे. त्यांना त्यातला 'साहेब' तेवढा ऐकू यायचा.

गाळ बसायचा, पण रंग बसायचा नाही. तो पाण्याबरोबर नाल्यात जायचा आणि नाला त्यांच्या घरामागून वाहायचा. कारखान्यात लाल कापड असलं की नाला लाल, निळं असलं की निळा. वस्तीतल्या बायका बाजारात यंदा कोणता रंग चालतोय ते नाल्यात डोकावून सांगायच्या. हे असंच चालत राहिलं असतं, पण त्यांच्या मुलीने पहिलीत असताना चित्र काढलं. डोंगर, घर, झाड आणि जांभळा नाला. शिक्षिकेने नाल्यावर फुली मारली. मुलगी रडत घरी आली. जाब विचारायला म्हणून साडू वही घेऊन तावातावाने निघाले, आणि मागच्या दारातून बाहेर पडताच त्यांचं लक्ष नाल्याकडे गेलं. तो जांभळा होता.

"शिक्षिकेला काय सांगणार होतो?" ते मला पुढे म्हणाले. "पोरीचं चित्र बरोबर आहे, नालाच चुकलाय?"

तेव्हापासून त्या माणसाच्या डोक्यात ऊन शिरलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणायचे. साडू त्यांच्या प्रयोगशाळेत रंगीत पाण्याचा डबा घेऊन गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, "याचं काय करता येईल?" बाईंना आजवर कारखान्यांकडून पत्रं आली होती, डबा पहिल्यांदाच आला होता. त्यांनी एक पांढरी पूड दाखवली. भिंतीच्या पांढऱ्या रंगात घालतात तीच, म्हणजे टायटॅनियमची. पाण्यात ठेवून तिच्यावर ऊन पडू दिलं की ती जागी होते आणि आसपासच्या रंगाचे तुकडे तुकडे करते. अगदी बारीक तुकडे. शेवटी हवा आणि पाणी उरावं इतके बारीक. अडचण एकच. पूड पाण्यात मिसळते आणि पाण्याबरोबरच वाहून जाते. तिला कशाला तरी धरून ठेवायला हवं.

"माती?" साडूंनी विचारलं. गाळ उपसून उपसून मातीशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते.

म्हणून त्या गोळ्या. चिकणमाती आणि पांढरी पूड एकत्र मळायची, गोळ्या वळायच्या, बाईंच्या भट्टीत भाजायच्या आणि ट्रेमध्ये घालून उन्हात ठेवायच्या. साडूंच्या घराला गच्ची नव्हती, म्हणून ट्रे सासऱ्यांच्या गच्चीवर. सकाळी लाल असलेलं पाणी दुपारी गुलाबी आणि मग स्वच्छ. पण बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. उन्हात जेवढं पाणी आणि जेवढ्या गोळ्या, तेवढंच पाणी आणि तेवढ्याच गोळ्या एका बाटलीत भरून अंधारात ठेवायच्या. उन्हातलं पाणी स्वच्छ झालं आणि अंधारातलं रंगीत राहिलं, तरच काम उन्हाने केलं असं म्हणायचं. दोन्ही स्वच्छ झाली, तर उन्हाचं काही कर्तृत्व नाही. रंग फक्त मातीने गिळलाय. मातीचं पोट भरलं की संपलं.

हा नियम बाईंनी पाण्यापुरता सांगितला होता. साडूंनी तो संसाराला लावला.

कोणी म्हणालं, या तेलाने माझे केस वाढले, की साडू विचारायचे, "अर्ध्या डोक्याला लावलं नव्हतं ना?" मी एकदा फुशारकी मारली, की रोज चालून तीन किलो उतरलो. ते म्हणाले, "न चालणारा दुसरा तुम्ही कुठे ठेवला होता?" एकदा जेवताना ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, सहज बोलून गेली, "लग्न झालं तेव्हा हे काय होते आणि मी यांना काय केलं, माझं मला माहीत."

"तसं सांगता येत नाही," साडू शांतपणे भात कालवत म्हणाले. "अंधारातली बाटली नाही."

"आहे की," ताई म्हणाली आणि तिने चमचा माझ्याकडे रोखला. "माझ्या बहिणीने याला हात लावला नाही. बघा, जसाच्या तसा राहिलाय."

माझी बायको हसून हसून पाणी प्यायला उठली. पुढची कितीतरी वर्षं त्या घरात मी अंधारातली बाटली म्हणूनच ओळखला गेलो.

अशी अकरा वर्षं गेली. सासऱ्यांच्या गच्चीवर सहा ट्रे होते ते चौदा झाले. शेवटी कारखान्याचे मालक वैतागून म्हणाले, "गाळसाहेब, एकदाच काय ते दाखवा. सरकारी तपासनीस येणार आहेत. त्यांच्यासमोर पाणी स्वच्छ झालं आणि त्यांनी सही केली, तर कारखान्याची सगळी गच्ची तुमची. नाही झालं, तर गच्चीवर कापडाचे गठ्ठे ठेवायचे आणि तुम्ही गाळ उपसायचा. पुन्हा ऊन हा शब्द काढायचा नाही. आणि त्या गोळ्या जरा घट्ट करा, पाण्यात विरघळून चिखल होतोय."

चिखल होत होता हे खरं. साडूंनी गोळ्या घट्ट केल्या. भट्टी चांगली तापवली, आजवर कधी तापवली नव्हती एवढी. गोळ्या दगडासारख्या निघाल्या. एक फरशीवर आपटली तर फरशीचा टवका उडाला. कमी पडू नयेत म्हणून त्या नेहमीच्या चौपट घालायचं ठरलं. घाई एवढी होती, की नव्या गोळ्यांची अंधारातली बाटली त्यांनी तपासणीच्या दिवशीच सकाळी भरली आणि कारखान्यातल्या आपल्या कपाटात ठेवून दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आधी निकाल गृहीत धरला आणि मग बाटली ठेवली.

त्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. गच्चीवर मालक, बाई, हातात छत्री धरलेले तपासनीस आणि जिन्यात दाटीवाटीने उभे राहिलेले कामगार. मी यावेळी सावली गुंडाळून कोपऱ्यात उभा होतो. दहा वाजता लाल पाणी ओतलं. बाराला ते फिकं झालं. दीडला ट्रेच्या तळाशी असलेली गोळी न् गोळी मोजता येत होती. मालकांनी टाळी वाजवली, कामगारांनी वाजवली, मीही इतकी वाजवली की तपासनिसांची छत्री दचकली. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"एक मिनिट," साडू म्हणाले आणि जिना उतरून खाली गेले.

परत आले तेव्हा हातात बाटली होती. ती कोणी मागितली नव्हती. त्या गच्चीवर बाई सोडल्या तर ती बाटली असते, हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. साडूंनी ती ट्रेशेजारी ठेवली. आतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं.

बाईंनी डोळे मिटले.

"ही काय नवीन?" मालकांनी विचारलं.

"ही कपाटात होती. उन्हात नव्हतीच."

"तरी स्वच्छ झाली? मग तर दुप्पट आनंद."

"नाही मालक. ऊन न लागता स्वच्छ झालं, म्हणजे हे उन्हाचं काम नाही. एवढ्या सगळ्या मातीने रंग गिळलाय. आठ-दहा दिवसांत मातीचं पोट भरेल, आणि मग लाल पाणी लालच नाल्यात जाईल."

 तपासनिसांचं पेन कागदापासून बोटभर अंतरावर राहिलं होतं.

"हे मला सांगायची काही गरज होती का?" ते म्हणाले.

"सही तुमची आहे, साहेब. पण नाला आमच्या दारातला आहे."

तपासनिसांनी पेनला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. मालकांचा चेहरा त्या दिवशी कारखान्यात चालू असलेल्या रंगाचा झाला होता. मला साडूंचा राग आला. अकरा वर्षांची तपश्चर्या अर्ध्या मिनिटात पाण्यात. बाटली कपाटात राहिली असती तर कोणाच्या बापाला कळलं असतं? जिना उतरताना मी तसं बोललोसुद्धा.

"मला कळलं असतं ना," ते म्हणाले. मग दोन पायऱ्यांनी पुढे म्हणाले, "आणि दहा दिवसांनी नाल्याला."

त्या संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी, जे आपल्या थोरल्या जावयाची ओळख आजवर तोंडातल्या तोंडात करून द्यायचे, शेजाऱ्यांना घरी बोलावून सगळी हकिगत मोठ्या आवाजात सांगितली. शेजाऱ्यांना त्यात फजितीच दिसली. सासऱ्यांनी त्यांना चहा न देता परत पाठवलं.

गच्चीवर गठ्ठे चढले नाहीत, ते तपासनिसांमुळे. जाताना ते मालकांना म्हणाले होते, "सहा महिन्यांनी येतो. आणि तेव्हा मला आधी कपाटातली बाटली दाखवा, मग ट्रे."

चूक कुठे झाली ते बाईंनी दुसऱ्याच दिवशी शोधलं. भट्टी जास्त तापली होती. त्या पांढऱ्या पुडीच्या कणांची एक ठरावीक रचना असते. फार तापवलं की ती बदलते, आणि पूड दिसायला तशीच पांढरी राहते पण कामाला निरुपयोगी होते.

"म्हणजे मी मातीला कडक करायला गेलो आणि पूड आळशी झाली," साडू म्हणाले.

"मातीला जास्त आच लागते, पुडीला कमी," बाई म्हणाल्या. "दोघींचं एका भट्टीत जमायचं नाही."

"मग वेगळ्या राहू द्या दोघी," ताई त्यांच्यासाठी डबा घेऊन आली होती ती दारातून म्हणाली. "आधी मातीला भाजा. ती निवली की मग पुडीला बोलवा."

बाईंनी ताईकडे पाहिलं, साडूंनी बाईंकडे पाहिलं, आणि डबा तसाच राहिला. आधी नुसत्या मातीच्या गोळ्या कडक भाजायच्या, मग त्यांच्यावर पुडीचा पातळ लेप द्यायचा आणि पुन्हा मंद आचेवर ठेवायच्या. ऐकायला सोपं होतं. पण लेप टिकेना. टिकला की नाही ते बघायला साडू गोळीवर अंगठा घासायचे. अंगठा पांढरा झाला की भट्टीचा तो घाणा बाद. सलग पाच महिने त्यांचा अंगठा पांढरा होता. घरी आल्या आल्या ताई आधी अंगठा बघायची, मग पाणी द्यायची. एकदा त्यांनी बोलता बोलता माझ्या नव्या काळ्या पँटला अंगठा पुसला. तो ठसा धुऊनही गेला नाही. "बघा," ते हळहळून म्हणाले, "कापडावर कसा पक्का बसतो."

चव्वेचाळिसाव्या घाण्याला अंगठा स्वच्छ निघाला.

मग त्यांनी गोळ्यांची मुद्दाम परीक्षा घेतली. आधी अंधारात ठेवून गोळ्यांना पोटभर रंग पाजायचा, इतका की आणखी घोटभरही गिळता येऊ नये. मग उन्हात ठेवायचं. त्याच गोळ्या, पुन्हा पुन्हा, बावीस वेळा. बावीस वेळा उन्हातलं पाणी स्वच्छ झालं. नुसता डोळ्यांना दिसणारा रंग गेला म्हणून बाई समाधान मानणाऱ्या नव्हत्या. रंगाचे तुकडे पाण्यात मागे उरतात का, तेही त्यांनी यंत्रावर तपासलं. दर वेळी साडू कपाट उघडायचे आणि बाटली बाहेर काढून बघायचे. लाल.

तपासनीस सहा महिन्यांनी आले. गच्चीवर तीच मंडळी, तोच जिना. साडूंनी बाटली रुमालात गुंडाळून आणली होती. रुमाल बाजूला करून त्यांनी ती उजेडात धरली, तान्हं मूल धरावं तशी, खालून एक हात आणि मागून एक हात. पाणी लालभडक होतं. पाणी घाणेरडं राहिलं म्हणून एखादा माणूस इतका सुखावलेला मी पाहिला नव्हता.

"हे तर लालच आहे," मालक घाबरून म्हणाले.

"हो," साडू म्हणाले आणि त्यांनी बाटली तपासनिसांपुढे धरली.

तपासनिसांनी बाटली पाहिली, मग ट्रेमधलं स्वच्छ पाणी पाहिलं, मग परत बाटली पाहिली. छत्री मिटून काखेत धरली आणि सही केली. जिन्यातल्या कामगारांपैकी कोणीतरी ओरडलं, "गाळसाहेब," आणि त्या दिवशी त्यातला 'साहेब' मलाही ऐकू आला.

पुढच्या तीन महिन्यांत कारखान्याच्या गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उथळ वाफे बांधले गेले. हौदातलं पाणी पंपाने वर चढायचं, गोळ्यांवरून संथ वाहत दुसऱ्या टोकाला उतरायचं आणि नाल्यात जायचं. नाल्याला नाल्याचा रंग आला. वस्तीतल्या बायका तक्रार करू लागल्या, की आता बाजारात काय चाललंय ते कळत नाही. साडूंची मुलगी तोवर कॉलेजात गेली होती. बापाने तिला एक दिवस मुद्दाम मागच्या दारी नेलं. तिने बराच वेळ पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता याचं चित्र काढायचं तर रंग कोणता घ्यायचा?" साडूंनी ते वाक्य त्या आठवड्यात मला चार वेळा सांगितलं. मी चारही वेळा पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं.

मी स्वतः त्या यशात टाळ्या वाजवण्यापलीकडे काही केलेलं नाही, पण तोरा माझा सगळ्यात मोठा होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी कारखान्याची गच्ची दाखवायचो. "ते वर दिसतंय ना, ते आमच्या साडूंचं." आणि माणूस शहाणा वाटला तर बाटलीचंही सांगायचो. गच्चीवर स्वच्छ पाणी दाखवणारे पुष्कळ असतील. आपल्याच कपाटातून आपल्याविरुद्धचा पुरावा काढून आणणारा माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा आहे.

वाफे पाच वर्षं उत्तम चालले. सहाव्या वर्षी कारखान्याच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेवर सात मजली इमारत उभी राहिली. तेव्हापासून गच्चीवर ऊन फक्त सकाळी पाऊण तास येतं. तेवढ्याने भागत नाही, म्हणून मालकांनी वाफे काढून खाली विजेचे दिवे लावलेलं तयार यंत्र बसवलं, आणि साडू त्याच वर्षी निवृत्त झाले. त्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, कारखान्याच्या बाजूचा फ्लॅट आमचा आहे.